पंपवाल्या ताईंचं बत्तीस बोर

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा काय घ्यावं हे विचारायला आल्याच नव्हत्या. ते त्यांचं ठरलेलं होतं. "काका, मामंजींचं पिस्तूल माझ्या नावावर झालंय. आता चालवायचं कसं तेवढं शिकवा की," असं म्हणून त्यांनी परवान्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं. नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. मी पोलीस दलात आर्मोरर होतो. बावीस वर्षं कोतात, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारात, बसून दुसऱ्यांची हत्यारं खोलली, पुसली, जोडली. निवृत्तीनंतर ओळखीतले परवानाधारक येतात, एखादी गोष्ट विचारतात, चहा पिऊन जातात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "कुठलं चांगलं?" ताईंचं प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्यांच्याकडे हत्यार आधीच होतं, महागडं होतं, विलायती होतं, आणि तरीही ते ठेवण्यात अर्थ नव्हता. हे त्यांना पटायला चार महिने लागले. मलाही पुरतं पटायला रेंजवरची एक सकाळ लागली.

आधी माणूस. ताईंचं वय तेव्हा सेहेचाळीस. राहायला जुळे सोलापूर. पेट्रोल पंप शहराबाहेर, अठरा किलोमीटरवर. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमध्ये यजमान गेले, आणि दिरांनी "विकून टाकू" म्हणेपर्यंत ताई पंपाच्या केबिनमध्ये जाऊन बसलेल्या होत्या. उंची पाच फुटाला जरा कमी, हाताचा पंजा लहान. डाव्या मनगटात जुनं दुखणं, पंचविशीत मोडलेलं. हे मी नोंदवहीत हत्याराच्या नंबराच्या आधी लिहितो. लोक पिस्तुलाचं वजन सांगतात, लांबी सांगतात, पण ते धरणाऱ्या हाताची मापं कुणी सांगत नाही.

धोका कसला, हेही विचारलं. "चोर येतील ना" एवढं पुरत नाही. कधी, कुठे, किती अंतरावरून? ताईंनी विचार केला होता. पंपावर रात्री चार पोरं असतात, कॅमेरे असतात. भीती होती ती शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांची रोकड सोमवारी स्वतःच्या गाडीतून सात रस्त्याजवळच्या बँकेत आणण्याची. यजमानांच्या काळात एकदा मोटारसायकलवरच्या दोघांनी मोहोळच्या बाजूपर्यंत पाठलाग केला होता. काही झालं नाही, पण तो दिवस घरात सगळ्यांच्या लक्षात राहिला. म्हणजे जागा गाडीतली, अंतर हातभर, एक हात स्टिअरिंगवर अडकलेला. पुढची सगळी निवड ह्या एका ओळीवर झाली.

पिस्तूल मुळात सासऱ्यांचं. त्यांच्यानंतर यजमानांच्या परवान्यावर चढलं. यजमान गेल्यावर घरच्यांनी ते आणि उरलेली काडतुसं शस्त्र अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे जमा केली, हे चांगलं केलं. कित्येक घरांत माणूस गेल्यावर हत्यार कपाटातच राहतं आणि वारसांना वाटतं ते फ्रीजसारखं आपोआप आपलं झालं. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक गेल्यावर तर अर्ज करता येतोच, पण तो सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगल्यावरही त्याला ते कायदेशीर वारसाकडे देता येतं. ताईंचं घर शहर हद्दीत, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात. पंप ग्रामीण हद्दीत असला तरी राहण्याचा पत्ता बघतात. बाकी वारसांची ना-हरकत, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ते प्रशिक्षण ताईंनी एअर पिस्तुलावर मन लावून केलं होतं, त्यामुळे बोट चापावर आपोआप जाण्याची खोड त्यांना मुळातच लागलेली नव्हती. हे मला फार आवडलं. नळी जमिनीकडे, बोट बाहेर, आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून मग चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) बघणं, हे सगळं त्यांनी माझ्यासमोर न सांगता केलं.

आता ते पिस्तूल. बत्तीस बोर (नळीचं माप), युरोपातलं, सासऱ्यांनी साठच्या दशकात घेतलेलं. बनावटीचं नाव लिहीत नाही. कारण दोष तिथल्या कारखान्याचा नव्हता, साठ वर्षांचा होता. दिसायला देखणं. निळसर काळी झाक कडांवर उडून आतलं पोलाद चकाकत होतं, मुठीच्या पट्ट्यांवर सासऱ्यांच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झालेली. सोबत दोन मॅगझिन. ताईंच्या घरात ह्या पिस्तुलाबद्दल एकच वाक्य होतं, "मामंजींचं कधीच अडकलं नाही." मी विचारलं, त्यांनी किती राऊंड मारले असतील? घरच्यांनी हिशोब करून सांगितलं, लग्नात दोन-तीनदा हवेत, म्हणजे सगळे मिळून वीसेक असतील. (हवेत गोळ्या झाडण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्या काळी तो मान समजत.) वीस राऊंड साठ वर्षांत. जे कधी चाललंच नाही ते कधी अडकलं नाही, ह्याला काय किंमत द्यायची?

डिसेंबरमध्ये आम्ही ते रेंजवर नेलं. चाळीस राऊंड मारायचे ठरवले होते. माझ्या पद्धतीत पहिलं काम मॅगझिनला खुणा करण्याचं. एकाच्या बुडाला पांढरा ठिपका, दुसऱ्याला लाल. पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला नावं ठेवतात, पण दहातल्या निम्म्या वेळा चोर मॅगझिनच असतं, आणि खूण नसेल तर तो चोर कधी सापडत नाही. पांढऱ्या ठिपक्याच्या मॅगझिनमधून पहिले सात सुरळीत गेले. ताई हसल्या. लाल ठिपक्याचं लावलं, तिसऱ्या राऊंडला स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, अर्ध्यात थांबली. मॅगझिन काढून बघितलं, वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे जाऊन अडकली होती. बत्तीस बोर पिस्तुलाच्या काडतुसाची ही जन्मखोड आहे. जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन बंदूक-कारागिरानं ते १८९९ च्या सुमाराला बनवलं, आणि त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते, अगदी केसभर. मॅगझिनचे ओठ वाकलेले असतील, काडतूस आतल्या आत पुढंमागं सरकायला जागा असेल किंवा कुणी भरताना घाई केली असेल, तर कडेवर कड चढते. आणि हा अडथळा स्लाईड ओढून सुटत नाही. मॅगझिन काढा, वरचं काडतूस नखानं मागं रेटा, मग परत. कोतात टेबलाशी बसून हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गाडीत एका हातानं ते होतच नाही.

लाल मॅगझिन बाजूला ठेवलं. नंतर लक्षात आलं, ते मूळचं नव्हतंच. कधीतरी कुठंतरी बनवून घेतलेलं, त्याचा पत्राच वेगळ्या जाडीचा. पांढऱ्यावर पुढं गेलो. सव्विसाव्या राऊंडला रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाईडमध्ये उभी अडकली, धुराड्यासारखी. हा दोष पिस्तुलाचा की ताईंच्या मनगटाचा? पिस्तूल झटका खाऊन स्वतःच स्वतःला भरतं, आणि त्यासाठी मूठ घट्ट लागते. मनगट झटक्याबरोबर मागं गेलं तर स्लाईडला पुरता धक्का मिळत नाही. म्हणून उरलेले मी मारले. माझ्या हातातही एकदा तेच झालं. म्हणजे स्प्रिंग थकलेली. मनगटाचा वाटा होता, पण सगळा नव्हता. शिवाय यजमानांच्या वेळच्या जुन्या काडतुसांतली दोन फुटलीच नाहीत. चाप ओढला, टक् आवाज आला, पुढं काही नाही. अशा वेळी नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, काडतूस उशिराही पेटू शकतं. मग काढून बुडावरची खूण बघायची. खूण उथळ असेल तर दोष हत्याराच्या पिनचा, खोल असेल तर काडतुसाचा. दोन्ही खुणा खोल होत्या. ती काडतुसं कित्येक पावसाळे कपाटात साड्यांमध्ये राहिली होती. तेवढा ठपका पिस्तुलावरून उतरला.

पण ज्या गोष्टीनं माझं मत बनलं ती टेबलावर दिसली. ह्या पिस्तुलात घोड्याला (चाप ओढल्यावर आपटतो तो तुकडा) अडवणारी, पडल्यावर गोळी सुटू न देणारी कळ नव्हती. जुन्या बनावटीत पुष्कळदा नसते. चेंबरमध्ये राऊंड ठेवून ते अंगावर बाळगणं म्हणजे स्वतःच्या मांडीशी जुगार. चेंबर रिकामं ठेवायचं, तर वेळ आली की दोन्ही हातांनी स्लाईड ओढायची. ताईंनी ओढून दाखवली. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताच्या चिमटीत स्लाईड, मोडलेलं मनगट. पाचपैकी दोनदा ती पूर्ण मागं गेली नाही.

"गाडीत बसून करा," मी म्हटलं. त्यांनी खुर्चीत बसून, पोटाशी सीट बेल्ट म्हणून ओढणी बांधून प्रयत्न केला. मग पिस्तूल खाली ठेवून म्हणाल्या, "काका, हे नाही व्हायचं."

तरी ते विकायला त्यांना वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. मामंजींची आठवण, यजमानांचा स्पर्श. वर लोकांनी ऐकवलेली किंमत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद आहे, त्यामुळे आधी आलेली जी आहेत तीच हातोहात फिरतात आणि भाव चढत जातो. जुन्या विलायती पिस्तुलाला नव्या देशी हत्याराच्या कितीतरी पट पैसे मिळतात. ऐकणाऱ्याला वाटतं, महाग आहे म्हणजे भारी असणार. ती किंमत दुर्मिळतेची असते. पैठणी महाग असते म्हणून कुणी ती नेसून शेतात भांगलायला जात नाही. शेवटी धाकट्या दिरांनीच तोडगा सांगितला, "वहिनी, फोटो काढून फ्रेम करून लावा, आणि विका." आयुक्तालयाला लेखी कळवून, परवानगी घेऊन, परवानाधारक विक्रेत्यामार्फत ते गेलं. खरं तर २०१९ नंतर एका परवानाधारकाला दोन हत्यारं ठेवता येतात (पूर्वी तीन), ते ठेवून दुसरं घेता आलं असतं. पण ताईंना कपाटात न वापरायचं हत्यार नको होतं. घरात कॉलेजात जाणारा मुलगा आहे.

मग नवं कुठलं? इथे आपल्याकडचं बंधन लक्षात घ्यावं लागतं. अमेरिकेतले व्हिडिओ बघून येणारे नऊ मिलिमीटरचं नाव घेतात. ते आपल्याकडे प्रतिबंधित बोर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. उरतं मुख्यतः बत्तीस आणि बावीस. बत्तीसमध्ये आयुध कारखान्याचं अशनी पिस्तूल आहे, खाजगी कारखान्यांची पिस्तुलं आता येऊ लागलीत, आणि रिव्हॉल्वरमध्ये कानपूरची जुनी, बिजागरीवर मधून उघडणारी बनावट, २०१४ साली आलेलं ५०० ग्रॅमचं टायटॅनियम मिश्रधातूचं निर्भीक, आणि ताईंच्या खरेदीनंतर, २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेलं प्रबल. निर्भीकची जाहिरात बायकांसाठीचं रिव्हॉल्वर म्हणून झाली होती, किंमत तेव्हा १,२२,३६०. दुकानात ताईंना प्रत्येकानं तेच सुचवलं. "बायकांसाठी हलकं" ह्या कल्पनेशी माझं भांडण आहे, ते कुठल्याही बनावटीबद्दल. तेच काडतूस हलक्या हत्यारातून मारलं तर झटका हाताला जास्त बसतो. पर्समध्ये हलकं ते मुठीत जड. ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी थोडं वजन पत्करावं.

पिस्तूल नको हे स्लाईडनं ठरवलं होतं. रिव्हॉल्वरमध्ये एक गोष्ट फार मोलाची आहे. काडतूस फुटलं नाही तर परत चाप ओढायचा, चक्र फिरतं, पुढचं काडतूस समोर येतं. एक हात पुरतो, डोकं लागत नाही. त्याची किंमत चापाच्या जडपणात मोजावी लागते, कारण एकाच ओढीत घोडा चढवायचा, चक्र फिरवायचं आणि घोडा सोडायचा. आणि इथे ताईंचा पंजा आडवा आला. बोटाचं टोक चापावर जेमतेम पोचत होतं.

मार्च २०२३ मध्ये आम्ही पुण्याच्या एका दुकानात गेलो. मी सोबत एक लटकवायचा काटा नेला होता, भाजीवाले पिशवी अडकवतात तसला आकड्याचा. दुकानदार बघतच राहिला. एकाच बनावटीचे तीन नग मागितले. रिकामे आहेत ना हे मी बघितलं, ताईंनी बघितलं, मग खोटी काडतुसं घालून आकडा चापात अडकवला आणि हळूहळू ओढलं. पहिल्याचा घोडा साडेसहा किलोच्या जवळ सुटला, दुसऱ्याचा सहाला, तिसऱ्याचा पाचच्या थोडा वर. तिन्ही विकायला योग्य, तिन्हींत बिघाड म्हणावा असं काही नाही. फक्त प्रत्येक नगाचा हात वेगळा. ह्याच कारणानं मी त्या बनावटीचं नाव इथं देत नाही. नाव वाचून कुणी पहिलाच नग उचलून आणला तर त्याला ताईंचं रिव्हॉल्वर मिळालेलं नसणार. ताईंनी तिसरा धरला. बाकी तपासणी नेहमीची. घोडा पूर्ण खाली ठेवून चाप दाबलेला असताना चक्र बोटांनी हलवून बघायचं, लुडबुडता कामा नये. घोडा अगदी सावकाश चढवायचा, चक्र आपल्या जागी टक् करून बसण्याआधी घोडा सुटण्याच्या टोकाला येता कामा नये. चक्रातल्या काडतुसांच्या सहाही घरांवर. चक्र आणि नळीमधल्या फटीतून उजेडाकडे बघायचं, सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. आणि घोड्याला अडवणारी पट्टी आहे का, ते विचारायचं नाही, पेन्सिल लावून बघायचं. नळीत पेन्सिल सोडून घोड्याच्या पाठीवर हलकं ठोकलं की पट्टी असेल तर पेन्सिल जागची हलत नाही.

"चाप हलका करून देतो," दुकानातला मुलगा म्हणाला. नको. स्प्रिंग कमी केली की चाप हलका होतो आणि घोड्याचा फटकाही. मग काडतुसावर उथळ खूण उमटते, आणि जिच्यासाठी रिव्हॉल्वर घेतलं ती खात्रीच गेली. त्यापेक्षा बोट मजबूत करणं सोपं. ताईंनी महिनाभर रोज रात्री टीव्हीसमोर टेनिस बॉल दाबला. मुलगा म्हणे, आई चपात्या लाटल्यासारखी बॉल दाबते.

काडतुसांबद्दल एक गोष्ट. परवान्यावर "बत्तीस बोर" लिहिलं असलं तरी पिस्तुलाचं बत्तीस आणि रिव्हॉल्वरचं बत्तीस वेगळं. रिव्हॉल्वरचं लांब, मोठ्या कडेचं, गोळी जड आणि संथ. पिस्तुलाचं आखूड, गोळी हलकी आणि वेगवान. वाईट हे की पिस्तुलाचं काडतूस कित्येक रिव्हॉल्वरच्या घरात बसतं, म्हणून लोक घालतात. बसतं म्हणून चालतं असं नाही. ताईंनी विक्रेत्याला नुसतं "बत्तीसची द्या" म्हटलं आणि त्यानं पिस्तुलाचा डबा काढला. त्यात त्याची चूक काय, पुस्तकात आदलं हत्यार पिस्तूलच होतं. ताईंनी डबा उघडून बघितला, म्हणून घरी आला नाही. नंतर खडकीच्या कारखान्याची, बुडावर त्याची केएफ ही खूण असलेली, रिव्हॉल्वरची काडतुसं घेतली.

रेंजवर पन्नास राऊंड. पन्नासही फुटले. निशाणा मात्र पहिल्या दिवशी रडवणारा होता, सात मीटरवर ताटाएवढ्या वर्तुळात निम्म्याच गोळ्या. कारण एकच, जड चाप ओढताना नळी डावीकडे खाली जायची. तो प्रश्न खोट्या काडतुसांनी घरी सोडवायचा असतो. भिंतीला तोंड करून, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून, चाप ओढल्यावर नाणं पडलं नाही पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात नाणं टिकायला लागलं. जूनमध्ये सहापैकी पाच गोळ्या ताटात होत्या. "बत्तीसमध्ये दम आहे का?" हे ताईंनी विचारलं नाही. त्यांच्या दिरांनी विचारलं. नऊ मिलिमीटरपेक्षा ते निश्चितच कमकुवत आहे. म्हणूनच पाच गोळ्या ताटात असण्याला अर्थ आहे.

ठेवायचं कुठं, ह्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. ताईंचा पहिला विचार पर्सचा. मी म्हटलं, सोमवारी तुमच्यावर कुणी झडप घातली तर पहिल्यांदा काय ओढेल? "पर्स." मग? पर्समध्ये किल्ल्या, चिल्लर, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी (खरंच होती), आणि त्यांत मोकळा चाप. वर नियमही आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार त्यासाठीच बनवलेल्या म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. दाखवायचं नाही, मिरवायचं नाही. लग्नात कमरेला लावून फिरणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

साडीत प्रयत्न केला. निऱ्यांच्या आत बसत नाही, वजनानं परकर खाली येतो, पदराखालून काढताना कापडात अडकतं. ताई पंपावर कुर्ता घालायला लागल्या, आतून रुंद पट्टा. म्यान इथल्याच एका चांभारकाम करणाऱ्या बाबांकडून शिवून घेतलं, जाड चामड्याचं, चाप पूर्ण झाकणारं, आणि तोंड ताठ राहील असं. तोंड मिटत असेल तर परत ठेवताना कापडाची घडी आत जाते आणि चाप दाबते. बाबांनी तीनदा उसवून शिवलं, पैसे एकदाचेच घेतले. गाडीत बसल्यावर उजव्या कमरेवरचं हत्यार सीट बेल्ट आणि दाराच्या मध्ये अडकतं, हे पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून डाव्या बाजूला, पोटाकडे, मूठ उजव्या हाताला येईल अशी.

आणि घाम. सोलापूरचा मे म्हणजे त्रेचाळीस अंश, पंपाच्या केबिनमध्ये कूलर गरम हवा फेकतो. अंगाशी बांधलेलं पोलाद घामानं आठवड्यात गंजायला लागतं. पहिला डाग जून २०२३ मध्ये चक्राच्या कडेला, मोहरीएवढा. रोज रात्री पुसणं, तेलाचा हात एकदम पातळ, कारण जास्त तेलात धूळ बसते आणि काडतुसाच्या बुडात तेल उतरलं तर तेही मरतं.

दोन गोष्टी मी ताईंकडून लिहून घेतल्या. एक, पंपाच्या आवारात हत्यार म्यानातून बाहेर येणार नाही, समोर कुणीही असो. पेट्रोलची वाफ जमिनीशी साठते, आणि बंदुकीच्या तोंडाशी जाळ असतो. तिथं पैसे द्यायचे. दुसरी, पैसे घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली, कलमांचे नंबर बदलले, खाजगी संरक्षणाचा हक्क आता ३४ ते ४४ मध्ये आहे. मजकूर बहुतांशी जुनाच. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर हक्क फार पुढं जातो, मालमत्तेसाठी जबरी चोरीसारख्या प्रसंगातही जातो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याला कायद्यात जागा नाही. आणि भीती संपली की हक्क संपला. मोटारसायकल वळून निघाली की संपला.

एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. ताईंचं माहेर इंडी. विजापूर रस्त्यानं टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. परवाना महाराष्ट्रापुरता. पुलाअलीकडे सोबत असलेलं कायदेशीर हत्यार पुलापलीकडे गुन्हा होतं. माहेरी जाताना ते घरी, कपाटात, कुलपात. नागपंचमीला ताई अर्ध्या रस्त्यातून परत आल्या होत्या, कमरेला आहे हे आठवलं म्हणून.

मग २०२४ उजाडलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, हत्यार जमा करण्याची नोटीस आली, ताईंनी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. सोलापूरचं मतदान ७ मेला झालं, पण हत्यार परत मिळालं जूनमध्ये. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता, परत तेच. वर्षातले चारएक महिने हत्यार नाही, आणि सोमवार मात्र दर आठवड्याला येतो. ताईंनी हा हिशोब पहिल्या नोटिशीलाच मांडला होता. एप्रिलपासून रोकड उचलणाऱ्या एजन्सीची गाडी लावली, क्यूआर कोडचे फलक प्रत्येक नोझलला केले, सोमवारची पिशवी तिसऱ्या हिश्श्यावर आली. मला त्यांनी फोनवर सांगितलं, "काका, हे आधी केलं असतं तर?" मी म्हटलं, केलं असतं तर माझी फी बुडाली असती. मी फी घेत नाही हे त्यांना माहीत आहे.

परवाना त्यांनी ठेवला. आठवड्यात तीनदा तरी रात्री उशिरा एकट्या गाडी चालवत येतात, तो रस्ता क्यूआर कोडनं उजळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेनंतर हत्यार सोडवून ताई सरळ माझ्याकडे आल्या. काटा लावला, चाप पाचच्या थोडा वर, होता तिथंच. चक्र घट्ट. पण नळीत उजेड धरला तर आत पांढरं काहीतरी तरंगत होतं, आणि चक्राच्या दोन घरांत बारीक तांबूस ठिपके. दीड महिना मालखान्यात. मी विचारलं, जमा करताना कशात गुंडाळून दिलं होतं?

"टॉवेलमध्ये. आपला चाटीगल्लीतला, चांगला जाड."

सोलापुरी टॉवेलचं काम पाणी पिण्याचं. त्यानं हवेतलं पाणी प्यायलं आणि पोलादाला पाजलं, वर आपला कापूस नळीत ठेवला. आम्ही दोघांनी तासभर बसून घासलं. ठिपके निघाले, एकाची सावली राहिली. जाताना ताईंनी रिव्हॉल्वर म्यानात घातलं, आणि टॉवेल माझ्याच तारेवर वाळत टाकून गेल्या.